अमेरिकेत कारण न देता काढतात, पण फाईल तयार असते

संपादक महोदय,

भारतात नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाले तेव्हापासून तुमच्या पेपरात त्यावर बरंच छापून येतंय, बाजूने पण आणि विरोधात पण, आणि त्यात एक वाक्य हमखास असतं की अमेरिकेत बघा, मालक पाहिजे तेव्हा माणूस काढतो, ना कोर्ट ना कचेरी, म्हणून तर तो देश एवढा पुढे गेला. मी मूळची चिंचवडची, बरीच वर्षं न्यू जर्सीत एका मध्यम साइझच्या कंपनीत एचआरमध्ये आहे, माणसं घ्यायचं आणि काढायचं अशी दोन्ही कामं केलीत, म्हणून म्हटलं लिहावं. मी वकील नाही. पण आमच्या ऑफिसात कुणालाही काढायचं म्हटलं की पहिला फोन वकिलाला जातो, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो, की कारण न देता काढता येतं अशा देशात हा फोन लागतो कशाला?

इथल्या ऑफर लेटरमध्ये एक परिच्छेद ठरलेला असतो. नोकरी 'अ‍ॅट विल' आहे, तुम्ही किंवा कंपनी, कुणीही, कधीही, कारण सांगून किंवा न सांगता, नोटीस देऊन किंवा न देता ती संपवू शकता. आपली मुलं हा परिच्छेद वाचत नाहीत, पगाराचा आकडा आणि व्हिसाची ओळ बघतात आणि सही करतात. आणि जे वाचतात ते घाबरतात. दोन्ही चूकच, कारण तो परिच्छेद खरा आहे पण सगळं खरं त्यात नाहीये.

मुळात हा नियम काही कुठल्या कायदेमंडळाने पास केलेला नव्हता. जुन्या इंग्लिश कायद्यात मुदत ठरवली नसेल तर नोकरी वर्षाची धरायचे, म्हणजे सुगी उरकली की थंडीच्या तोंडावर गड्याला हाकललं असं करता येऊ नये म्हणून. आपल्याकडे सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठेवतात, साधारण तशीच गोष्ट. मग १८७७ मध्ये ऑल्बनीच्या होरेस वुड नावाच्या वकिलाने एका कायद्याच्या पुस्तकात लिहून टाकलं की अमेरिकेत मुदत नसलेली नोकरी म्हणजे मर्जीची नोकरी, वाटेल तेव्हा संपते, वर्षाची आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. आधाराला चार केसेस दिल्या आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्या उघडून पाहिल्या तर त्यातून तसं काही निघतच नव्हतं म्हणे! पण तोपर्यंत रेल्वे आणि गिरण्यांचा जमाना जोरात होता, कोर्टांना तो नियम सोयीचा वाटला आणि राज्यामागून राज्यांनी उचलला.

१८८४ ची टेनेसीची केस तर मला फार आवडते (आवडते म्हणजे राग येतो, पण सांगायला आवडते). चॅटनूगा गावात पेन नावाचा एक दुकानदार होता, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः रेल्वेचे कामगार. रेल्वेच्या साहेबाने फतवा काढला की जो कुणी पेनच्या दुकानातून माल घेईल त्याला कामावरून काढू. दुकान बसलं, पेन कोर्टात गेला. कोर्टाने काय सांगावं, की मालक चांगल्या कारणाने, कारण नसताना किंवा अगदी नैतिकदृष्ट्या चुकीच्या कारणाने सुद्धा माणूस काढू शकतो, त्यात बेकायदा काही नाही. कामगाराने मीठमिरची कुठून आणायची हे मालक ठरवणार, आणि याला नाव काय तर कराराचं स्वातंत्र्य. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर युनियनमध्ये आहे म्हणून रेल्वे कामगाराला काढणं गुन्हा ठरवणारा केंद्राचा कायदाच रद्द केला. तर आपल्याकडची मंडळी 'अमेरिकन मॉडेल' म्हणतात ते हे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं.

त्यानंतर त्याला जी कुरतड लागली ती आजपर्यंत थांबलेली नाही.

१९३५ च्या वॅगनर अ‍ॅक्टने युनियनमुळे काढणं बंद केलं आणि दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने तो कायदा मान्य केला. यातली एक गोष्ट इथल्या मराठी पोरांना अजून माहीत नसते, की युनियन नसली तरी दोन-चार सहकाऱ्यांनी मिळून पगाराबद्दल किंवा कामाच्या परिस्थितीबद्दल बोलणं याला याच कायद्याचं संरक्षण आहे (मॅनेजर-सुपरवायझर त्यातून बाहेर), त्यामुळे 'एकमेकांना पगार सांगायचा नाही' ही जी ताकीद साहेब देतात ती बहुतेक वेळा साहेबालाच अडचणीत आणू शकते. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टने वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश या कारणांवरून काढायला बंदी आली, १९६७ मध्ये चाळिशीच्या पुढच्यांना वयाचं संरक्षण मिळालं, १९९० मध्ये अपंगत्वाचं, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांनाही त्या ६४ च्याच कायद्यात धरलं.

आता कुणी म्हणेल की कारण द्यायचंच नसेल तर भेदभाव सिद्ध कसा करणार. इथेच गंमत आहे. १९७३ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालापासून पद्धत अशी की कर्मचाऱ्याने सुरुवातीला संशय घ्यायला जागा आहे एवढं दाखवायचं, ते दाखवलं की कंपनीला तोंड उघडून कायद्यात बसणारं कारण सांगावं लागतं, आणि मग ते कारण म्हणजे निव्वळ बहाणा आहे हे दाखवायची संधी परत कर्मचाऱ्याला. म्हणजे कागदावर कारण लागत नाही, पण कोर्टात कारण नाही म्हणून चालत नाही! म्हणूनच आम्ही एचआरवाले प्रत्येक मॅनेजरच्या मागे लागतो की बाबा, लिहून ठेव, ईमेल कर, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना 'उत्तम' देऊ नकोस, नाहीतर तीन महिन्यांनी 'परफॉर्मन्स' म्हणून काढशील आणि समोरचा तुझाच रिव्ह्यू तुझ्या तोंडावर मारेल. पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) नावाचा जो प्रकार आहे तो सुधारण्यासाठी असतो असं सांगतात, काही वेळा असतोही, पण बऱ्याचदा ती फाईल जाड करायची पद्धत असते हे मी आतली म्हणून सांगते.

कायदेमंडळांच्या बरोबरीने राज्यांची कोर्टंही कामाला लागली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात एक माणूस विधिमंडळाच्या कमिटीपुढे साक्षीला गेला, त्याला मालकाने खोटं सांग म्हणून बजावलेलं, तो खरं बोलला आणि त्याची नोकरी गेली. कोर्ट म्हणालं नियम काहीही असो, गुन्हा करायला नकार दिला म्हणून काढता येणार नाही. आणि यातला मालक कोण तर टीमस्टर्स, म्हणजे ट्रक ड्रायव्हरांची युनियन, दुसऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी भांडणारी! ओरेगॉनमध्ये १९७५ ला ज्युरी ड्यूटीवर, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायला, गेली म्हणून काढलेल्या बाईला कोर्टाने भरपाई दिली. आता बहुतेक राज्यांत हा सार्वजनिक हिताचा अपवाद कुठल्या ना कुठल्या रूपात मान्य आहे.

आमच्या न्यू जर्सीची १९८५ ची वूली केस मात्र एचआरमध्ये प्रत्येकाने तोंडपाठ करण्यासारखी आहे. नटलीच्या हॉफमन-ला रोश कंपनीतला एक इंजिनियर, करार लेखी नाही, काढला. पण कंपनीने मॅनेजर लोकांना जे मॅन्युअल वाटलेलं त्यात माणूस कधी काढायचा, कुठल्या पायऱ्यांनी काढायचा, हे सगळं छान छापलेलं, योग्य कारणाशिवाय नोकरी जाणार नाही असा एकूण सूर. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं लिहून वाटलंत तर ते तुम्हाला बांधील ठरू शकतं, नको असेल तर हा करार नाही असं ठळक आणि स्पष्ट छापा. झालं, तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या हँडबुकच्या पहिल्या पानावर ती ठळक ओळ आली. कामगाराच्या बाजूने लागलेल्या निकालाचा शेवट वकिलांनी एका डिस्क्लेमरमध्ये केला, हे पण इथलंच खास. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, राज्याने व्हिसलब्लोअर कायदा केला, म्हणजे कंपनीचा बेकायदा प्रकार उघड केला किंवा त्यात सामील व्हायला नकार दिला म्हणून काढलं तर दावा करता येतो, आणि तो कायदा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक समजला जातो.

पूर्ण राज्याने 'अ‍ॅट विल' सोडून दिलं असं पन्नासात एकच उदाहरण आहे, मोंटाना, १९८७. प्रोबेशन संपल्यावर सबळ कारणाशिवाय तिथे काढता येत नाही. पण ते कामगारांच्या मोर्चाने आलं असं समजू नका, ज्युरी मोठमोठ्या रकमा द्यायला लागल्या म्हणून मालक आणि विमा कंपन्यांनाच तो कायदा हवासा झाला, कारण त्यात भरपाईला चार वर्षांच्या पगाराची मर्यादा घातली. म्हणजे कारण देणं मालकाला स्वस्त पडतं असाही हिशोब निघू शकतो, आणि ही गोष्ट आपल्या इंडस्ट्रीवाल्यांच्या भाषणात मी कधी ऐकली नाही.

अलीकडचं म्हणाल तर न्यूयॉर्क शहरात ४ जुलै २०२१ पासून मोठ्या फास्ट फूड चेनमधल्या कामगारांना, म्हणजे बर्गर भाजणाऱ्या आणि काउंटरवर उभं राहणाऱ्या मुलांना, ३० दिवसांचं प्रोबेशन झालं की योग्य कारणाशिवाय काढता येत नाही, आणि पळवाट म्हणून तास कमी केले तर १५ टक्क्यांच्या वर कपात म्हणजेही काढल्यातच जमा. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण कायदा टिकला. म्हणजे बघा, मॅनहॅटनमधल्या बँकेत बसणाऱ्या आपल्या आयआयटीवाल्याला जे संरक्षण नाही ते खाली कोपऱ्यावर त्याला फ्राइज देणाऱ्या पोराला आहे.

आणि घाऊक लेऑफचं काय? केंद्राचा वॉर्न अ‍ॅक्ट १९८८ चा, शंभर किंवा जास्त माणसांच्या कंपनीने मोठ्या कपातीला ६० दिवस आधी नोटीस द्यायची. न्यू जर्सीने १० एप्रिल २०२३ पासून ते ९० दिवस केले आणि वर सेव्हरन्स, म्हणजे काढताना द्यायची भरपाई, सक्तीचा केला, शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने राज्यात पन्नास किंवा जास्त काढली तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यायचा, नोटीस वेळेवर दिली असली तरी द्यायचा, आणि नोटीस कमी पडली तर आणखी चार आठवडे. तो हक्क सोडून दिला अशी सही कामगाराकडून घेतली तरी सरकारच्या किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय ती चालत नाही. वर्षाला एक आठवडा. आपल्या भारतीय कायद्यात कामगाराला वर्षामागे १५ दिवस आहेत, १९५० च्या दशकापासून आहेत, ते आपण मागासलेपण समजतो आणि न्यू जर्सीने एक आठवडा दिला तर इथले पेपर त्याला देशात पहिलं म्हणून मिरवतात.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्या बाजूने कंपन्यांनी ऑफर लेटरसोबत आर्बिट्रेशनचा कागद जोडायला सुरुवात केली, म्हणजे भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, बंद खोलीत लवादापुढे, आणि तेही एकेकट्याने, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालेल म्हटलं. लैंगिक छळाच्या केसेस काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, २०२२ मध्ये त्यातून बाहेर काढल्या, बाकीच्या अडकलेल्याच. शिवाय हे सगळे अपवाद ज्याला माहीत आहेत आणि ज्याच्याकडे ईमेल जपून ठेवलेत त्यालाच उपयोगी पडतात. एच-वन-बीवाला, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर आलेला, तर आवाजच करत नाही, कारण नोकरी गेल्यावर त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात (ही सवलतसुद्धा जानेवारी २०१७ पासूनची), त्यात नवीन स्पॉन्सर शोधायचा, घर, गाडी, पोरांची शाळा, वकील शोधायला वेळ कुणाला आहे. नियमाची खरी धार कुणाला लागते तर त्याला.

आणखी एक गोष्ट 'हायर अँड फायर'वाले सोडून देतात. इथे काढलं गेलेल्याला, त्याचं गैरवर्तन नसेल तर, राज्याकडून बेकारी भत्ता मिळतो, न्यू जर्सीत २६ आठवड्यांपर्यंत, आणि ज्या कंपनीची माणसं जास्त बेकार होतात त्या कंपनीचा त्यासाठीचा टॅक्स रेट वाढतो. काढायला परवानगी लागत नाही, पण काढण्याचं बिल येतं. आपण यातलं बिल तिथेच ठेवून फक्त काढायची मोकळीक उचलायला निघालोय.

आता घरचं बोलते. नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये लेऑफ, कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची पूर्वपरवानगी लागायची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. यावर दोन्हीकडून आभाळ कोसळल्यासारखं लिहिलं गेलं, पण १९७६ मध्ये ही तरतूद आली तेव्हा आकडा ३०० च होता, ऐंशीच्या दशकात तो १०० केला. आणि ही परवानगी कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागते, आधीही आणि आताही. हिंजवडीच्या आयटी ऑफिसला ती कधीच लागत नव्हती! त्यामुळे 'कडक कायद्यामुळे आयटीवाल्यांना माणसं काढता येत नाहीत' हे जे ऐकू येतं त्याला काय म्हणावं कळत नाही. शिवाय नव्या कोडमध्ये मॅनेजर आणि महिन्याला १८ हजारांच्या वरचा सुपरवायझर हे 'कामगार'च नाहीत, आणि स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे शिस्तीचे आणि काढण्याचे छापील नियम, तेही आता तीनशेच्या वर. लहान कारखान्यातल्या माणसासाठी मला परवानगीच्या तीनशेपेक्षा या छापील नियमांच्या तीनशेची जास्त काळजी वाटते, कारण नियम छापलेलेच नसतील तर मोडले म्हणून दाखवणार कुठे.

खरं 'अ‍ॅट विल' भारतात आहेच, फक्त तसं कुणी म्हणत नाही. कंत्राटी कामगार आणि आता फिक्स्ड टर्म, म्हणजे ठराविक मुदतीची नोकरी. मुदत संपली की ती कपात धरतच नाहीत, म्हणजे ते १५ दिवस पण नाहीत (एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते हे त्यातलं बरं, ते मान्य करायला पाहिजे). आणि पांढरपेशांसाठी 'राजीनामा द्या'. माझ्या एका मावसभावाला पुण्यात एका कंपनीत मीटिंग रूममध्ये बसवून सांगितलं की आत्ता रिझाइन मेल टाक, नाहीतर टर्मिनेट करू आणि मग रिलीव्हिंग लेटर विसर. त्याने टाकला. कागदावर तो स्वखुशीने गेला. इथे असा प्रकार केला असता तर आमच्या वकिलाने आम्हालाच झापलं असतं, कारण जबरदस्तीचा राजीनामा कोर्ट काढल्यासारखाच धरू शकतं. आणि सेव्हरन्सच्या कागदावर सही मागायची तर चाळिशीच्या वरच्या माणसाला विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात, गटाने काढत असाल तर ४५, आणि सही केल्यावरही सात दिवसांत फिरवता येते. मावसभावाला किती वेळ दिला होता? कॉफी संपेपर्यंत.

तेव्हा भारताचा कायदा मागास आणि अमेरिकेचा मोकळा ही वाटणी इतकी सरळ नाहीये. उलट १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सरकारी कंपनीतला तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न देता काढायचा नियम घटनाबाह्य ठरवला, आणि चार-पाच वर्षांत दिल्ली ट्रान्सपोर्टच्या केसमध्ये घटनापीठाने तेच उचलून धरलं, इतकं स्पष्ट अमेरिकेत खासगी नोकरीबाबत कुणी बोललेलं नाही. पण आपल्याकडेही ते सरकारी मालकापुरतंच राहिलं. खासगी कंपनीतल्या इंजिनियरला, अकाउंटंटला, टीम लीडरला ना ते लागू, ना लेबर कोर्ट नक्की, आणि दिवाणी कोर्टात गेला तर बहुतेक नोटीस पिरियडच्या पगारावर बोळवण.

महाराष्ट्रात आता पुढचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी चर्चेत आहे, तर माझी मागणी साधी आहे. मीटिंग रूममध्ये घेतलेला राजीनामा मागे घ्यायला कर्मचाऱ्याला सात दिवस द्या, मग तो कामगार असो नाहीतर मॅनेजर. काढण्याचं कारण त्याने मागितलं तर लेखी द्या. एवढ्याने कुठलाही उद्योग गुजरातला जाणार नाही. आणि तुमच्या पेपरला विनंती, की लेबर लॉवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर चालू करा, शेअर बाजाराला रोज अर्धं पान देता, आठवड्यातून एकदा याला द्या, लिहायला पुण्या-मुंबईच्या लेबर कोर्टात प्रॅक्टिस करणारे वकील नक्की मिळतील.

आपली एक वाचक,
एडिसन, न्यू जर्सी

ता. क. एच-वन-बीवर असलेल्यांसाठी: मंजूर मुदत संपायच्या आत कंपनीने काढलं आणि तुम्ही भारतात परत जात असाल तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, हा नियमच आहे. स्वतः राजीनामा दिला तर मिळत नाही. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मागत नाहीत, आणि मागितल्याशिवाय कुठलाही एचआर देत नाही, हे पण आतली म्हणून सांगते.